चारातले दोन

त्याची माझी पहिली भेट जिन्यात झाली, आणि त्या भेटीत त्याची कॉफी सांडली.

वरच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्याच्या दाराला कुलूप होतं. मी पायरीवर बसले होते, मांडीवर माझा बंद पडलेला लॅपटॉप. लग्नांच्या फिल्म जोडून देणं हे माझं काम; एका नवरीची अख्खी फिल्म त्याच्या पोटात अडकलेली. तो भरला कप सांभाळत खाली उतरत होता, आणि माझ्या चार्जरच्या वायरीत त्याचा पाय गुंतला.

"जिन्यात सापळे लावता का?" शर्टावरचा डाग बघत तो म्हणाला.

"शिकार बरी मिळते," मी म्हणाले... आणि जीभ चावली.

तो हसला. तळमजल्यावरच्या लॅपटॉपच्या दुकानात तो विक्रेता होता. नवरीची फिल्म त्यानंच सोडवून दिली, आणि मग नव्या लॅपटॉपची गोष्ट निघाली.

त्याची एक रीत होती. गिऱ्हाईकानं आपलं काम घेऊन यायचं, ते दुकानातल्या दोन मशीनवर चालवून बघायचं, आणि तो मनगटावरच्या घड्याळात बघून पिवळ्या चिठ्ठीवर वेळ लिहायचा. माझी फिल्म दोन कोरवाल्यावर, म्हणजे आत काम करणारे दोन मेंदू असलेल्यावर, चोवीस मिनिटांत तयार झाली, चार कोरवाल्यावर सव्वीस.

"चार असून हळू?"

"तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला दोघांकडूनच काम करून घेता येतं. आणि चारवाल्यातला एकेकटा जरा धिमा." त्यानं पडद्यावरचे चार चौकोन दाखवले, एकेका कोरचा एकेक. दोघांत रेघ उड्या मारत होती, दोघांत तळाशी आडवी पडली होती. "बघा ना... दोन लागले कामाला, दोन बसले उंबऱ्याला."

"गाणीही जुळवता?"

"गिऱ्हाईक बघून." मग एकदम कामाचा आवाज— "दोनवालाच घ्या. तुमच्या कामाला तोच वेगवान."

इतकं सोपं होतं. पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पण त्या पन्नास मिनिटांत त्यानं न विचारता पंखा माझ्याकडे वळवला होता, आणि पडद्यावरची नवरी रडायला लागली तेव्हा तो हळूच दुसरीकडे बघत राहिला होता. लॅपटॉप घेतला की इथं यायचं कारणच संपणार...

"पण पुढे नवं सॉफ्टवेअर आलं तर?"

"मग चारवाला."

"मग— विचार करून येते."

विचार करून करून मी अकरा वेळा गेले. दर खेपेला आधीपेक्षा लांब फिल्म. तोवर काम दादाच्या मशीनवर, त्याची बोलणी खात. "लॅपटॉप घेतेयस की स्थळं बघतेयस?" दादा विचारायचा. मी पुढची फिल्म पेनड्राइव्हवर चढवायची. रोज दुसऱ्यांच्या लग्नातलं हसू मी कापत-जोडत होते. स्वतःसाठी मला त्याचं एकच वाक्य हवं होतं. ते मिळालं असतं तर मी कुठलाही लॅपटॉप डोळे मिटून उचलला असता.

अकराव्या खेपेला, शुक्रवारी, त्यानं एकही गाणं जुळवलं नाही. चिठ्ठी लिहून झाल्यावर म्हणाला, "आज ठरवाल का?"

"इतकी घाई?"

"उद्या मी घरी चाललोय. आईकडे."

"परत कधी?"

"ते... आज काय ठरतं त्यावर आहे."

मला वाटलं, विक्रीचा आकडा पुरा करायचा असेल. मी पर्स उचलली आणि अगदी लाडात म्हणाले, "मग सोमवारी येते."

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग मान हलवली. मी ती मान किती दिवस आठवणार आहे, कोण जाणे.

सोमवारी त्याची खुर्ची रिकामी होती. गल्ल्यावर मालकीणबाई होत्या, सगळ्यांच्या काकू.

"तो नाही येणार गं आता," काकू म्हणाल्या. "आईनं मुलगी बघून ठेवली होती. शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं तिला. परवा होकार दिला त्यानं."

"मला कधी... काही बोलला नाही."

"कसा बोलेल? गिऱ्हाईकाला गळ घालायची नाही, हा त्याचा हट्ट. बिचारी भिडेपोटी हो म्हणेल, नाहीतर यायचीच बंद होईल, म्हणायचा. तू लॅपटॉप घेतलास की विचारणार होता. तू आलीस की मला खुणेनं सांगायचा, आज घेईल."

"काकू, मी घेत नव्हते, कारण—"

काकूंना ते कळलं. "दोघंही अतिशहाणी," त्या पुटपुटल्या, आणि खणातून टाचणीनं टोचलेल्या अकरा चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. शेवटच्या चिठ्ठीवर वेळेखाली त्याचं अक्षर होतं : 'दोनवाला पुरेल. पण त्या नेहमी पुढचं विचारतात. चारवाला द्यावा.'

चारवाला आणि त्या चिठ्ठ्या घेऊन घरी आले. दुपारी पहिल्या दिवशीची ती नवरीची फिल्म तयार करायला लावली, चौकोन उघडले. दादा मागे येऊन उभा राहिला.

"घेतलास एकदाचा. चारही चालतात ना?"

"दोन चालतात."

"आणि बाकीचे?"

मी तळाशी पडलेल्या दोन रेघांवर बोट टेकवलं. माझ्याकडे बघून दादानं पुढची थट्टा गिळली, स्टूल ओढून शेजारी बसला. पडद्यावर नवरी रडली, हसली, निघून गेली. फिल्म संपली तेव्हा सवयीनं मी घड्याळात पाहिलं, आणि शेवटच्या चिठ्ठीवर त्याच्या अक्षराखाली वेळ लिहिली. सव्वीस मिनिटं.