रेकॉर्डबरहुकूम

दर रविवारी सकाळी दहाला थोरल्याच्या गॅरेजमध्ये तालीम सुरू व्हायची, आणि तालमीआधी रेकॉर्ड लागायची. चोवीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. फार पूर्वी एक रॉक बँड होता, चौघांचा. तो मोडला, त्याचा गायकही वारला, आणि मागे राहिली त्यांच्या एका कार्यक्रमाची रेकॉर्ड. थोरल्याची चौकडी तोच कार्यक्रम गावोगावच्या हॉलांत नि कारखान्यांच्या स्नेहसंमेलनांत वाजवत आली होती. वाजवायचं ते मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ ड्रमवाल्याच्या हातून चौथ्या गाण्यात काठी निसटली होती, म्हणून यांचा ड्रमवालाही, पोस्टातला पोक्त कारकून, नेमकी तिथेच काठी टाकायचा. लोक हसायचे. थोरला म्हणायचा, "हसू दे. आपली अक्कल चालवायची असती तर आपली गाणी नसती का केली?"

थोरला गायचा आणि आठवडाभर शाळेची बस चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात होता, गिटार त्याच्याकडे. नऊ वर्षांपूर्वी रंध्याच्या मशीनने त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नेलं. तेव्हापासून दुसऱ्या गाण्यातला एक उंच सूर त्याला गाठता येईना. तेवढा तो गाळायचा, आणि दर वेळी ते त्याच्या मनाला डाचायचं.

यंदा जुना बास गिटारवाला परगावी गेला नि नवा आला. पेशाने चष्मेवाला, पण कानाचा तिखट. पहिल्याच तालमीला धाकट्याने आपणहून कबुली दिली.

"दुसऱ्या गाण्यात माझा एक सूर गळतो. सांभाळून घ्या."

"कुठला? रेकॉर्डसारखंच तर वाजवता तुम्ही."

धाकट्याने रेकॉर्ड लावली. त्या जागी सूर नव्हता. सुई मागे घेऊन त्याने चारदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी जुन्या रेकॉर्डच्या दुकानात जाऊन तिथली प्रत ऐकली. तिच्यातही तेवढी जागा रिकामी होती. वर्षानुवर्षं तेच ऐकून कान बधिर होतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. एक गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. थंडीत ठणकणारी ती करंगळी दुखायची थांबली होती.

थोरल्याला एक खोड होती. पहिल्या गाण्यात तिसऱ्या ओळीआधी तो हलकेच खाकरायचा. रेकॉर्डमध्ये ते नाही म्हणून ड्रमवाल्याने वीस वर्षं डोकं फोडलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. पावसाळा संपता संपता एका रविवारी ते खाकरणं स्पीकरमधून आलं. सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात वायरींचा गुंता सोडवत होता आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं. त्या दिवशी तो न खाकरता गायला.

"सुटली बुवा एकदाची खोड," ड्रमवाला खुशीत म्हणाला.

तालीम संपल्यावर वहिनी धाकट्याच्या मागोमाग फाटकापर्यंत आली.

"भावोजी, हे हल्ली शीळ घालत नाहीत. दाढी करताना घालायचे ना, तीस वर्षं ऐकतेय मी. आता नुसता नळाचा आवाज येतो."

धाकटा आत परतला आणि कानाला हेडफोन लावून बसला. चौथ्या गाण्यानंतर टाळ्या होत्या. टाळ्यांच्या मागे, खूप लांबून, कुणीतरी शीळ घालत होतं. ती चाल त्या बँडची नव्हती.

"दादा, बंद करू हे सगळं," तो म्हणाला.

थोरला बसचा गणवेश इस्त्री करत होता. "चोवीस वर्षं आपण त्यांचंच घेत आलो," तो शांतपणे म्हणाला. "त्यांनी थोडं घेतलं तर एवढं काय?"

पण शनिवारी दुपारी एका कापड गिरणीत कार्यक्रम ठरलेला होता. "शेवटचा करा," वहिनी म्हणाली, "पण माझा माणूस मला परत आणून द्या." धाकट्याने तसा शब्द दिला. त्याचा हिशेब साधा होता. आपण हुबेहूब वाजवतो म्हणून ती रेकॉर्ड आपल्याला ओळखते. वेगळं वाजवलं की ती वाट चुकेल.

शेवटचं गाणं त्याने कुणालाही न सांगता दोन सूर खाली आणि निम्म्या लयीत सुरू केलं. ड्रमवाल्याने डोळे वटारले. थोरल्याने माइक जवळ ओढला.

मग तो गायला. त्या मेलेल्या गायकासारखा नव्हे. खालच्या, जरा घोगऱ्या आवाजात, वहिनी तापाने फणफणली की उशाशी बसून गुणगुणायचा तसा. स्टेजवर त्याचा स्वतःचा आवाज आजवर कुणी ऐकलाच नव्हता. पहिल्या रांगेत वहिनी रडत होती. धाकट्याला वाटलं, जिंकलो.

रविवारी सकाळी दहा वाजता तो गॅरेजमध्ये आला तेव्हा थोरला खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, भांग पाडलेला, हात गुडघ्यांवर.

वहिनीने शेवटच्या गाण्यावर सुई ठेवली.

दोन सूर खाली. निम्मी लय. तोच घोगरा आवाज.

रेकॉर्डमधले चाळीस वर्षांपूर्वीचे ते श्रोते अगदी चिडीचूप ऐकत होते.

आजवर रेकॉर्डला चिमूटचिमूट मिळत होतं. काल आपण ओंजळ भरून दिलं, आपल्याच हाताने, हे धाकट्याला कळलं.

थोरल्याने गाणं शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"फार छान गातात हे," तो वहिनीकडे वळून आदबीने म्हणाला. "तुमचे कोण?"