तिसरी बाटली

मोजल्याशिवाय मी चहातसुद्धा साखर घालत नाही. शालन, माझी बायको, त्यावरून मला चिडवायची.

सत्त्याण्णव साली बेलापूरच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. तिथे नवा उपचार करून पाहत होते. कॅन्सरच्या पेशंटच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, बाटलीत वाढवायच्या, गाठ हुडकायला शिकवायच्या आणि सलाइनमधून परत सोडायच्या. शालन आमची चौथी पेशंट.

तिच्या पेशी मीच वाढवल्या. बाटलीत त्या जोमाने वाढायच्या. पण दोन बाटल्या दिल्या, गाठ तसूभरही कमी झाली नाही.

"माझ्याच ना त्या," शालन म्हणाली. "बाहेर वाघ, घरात शेळी."

मला हसता आलं नाही.

तिसरी बाटली इनक्युबेटरच्या उबेत वाढत होती. पेशींचा दुधी थर तळाशी सारखा पसरायला हवा. तो एका कडेला गोळा व्हायचा, सानपाड्याच्या, म्हणजे आमच्या घराच्या बाजूला. बाटली फिरवली तरी तासाभरात पुन्हा तिकडेच. मी गवंड्याकडून लेव्हल आणून फळी तपासली. फळी सरळ होती.

एका सकाळी थर उलट्या बाजूला दिसला. दुपारी मेव्हण्याचा, प्रसादचा फोन आला.

"भावजी, ताईला सकाळीच पनवेलला घेऊन आलोय. आईजवळ बरं वाटेल तिला. टेन्शन घेऊ नका."

थर सरकला होता तो पनवेलच्याच बाजूला. पेशी शालनला शोधतायत, असं मला वाटलं. खरं सांगतो, त्याने धीर आला.

तिसरी बाटली द्यायच्या आदल्या दिवशी ती गेली. त्यानंतर थर तळभर पसरला. नियमाने बाटली टाकून द्यायची होती. माझ्याच्याने ते झालं नाही.

तेरावं उरकून कामावर गेलो. घरी कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटल्यावर आमची क्षिप्रा लॅबमध्येच आली. नऊ वर्षांची पोर. खिडकीपाशी बसून चित्र काढू लागली. तासाभराने मी सहज इनक्युबेटर उघडला.

थर खिडकीच्या बाजूला होता.

मी तिला दाराजवळ बसवलं. तासभर थांबलो.

दाराच्या बाजूला.

मग फ्रिजपाशी बसवलं.

"बाबा, सारखं काय उठवताय? माझं चित्र राहिलंय ना."

"एकदाच अजून, बाळा."

तिला खालच्या मजल्यावर, इनक्युबेटरच्या बरोब्बर खाली, वॉचमनजवळ बसवून आलो. घड्याळ लावून तासभर उभा राहिलो. त्या पेशींना मी एकच गोष्ट शिकवली होती, गाठ हुडकायची.

एरवी बाटली जरा हलवली तरी पेशी सुटून पाण्यात मिसळतात. मी ती उचलून उलटी धरली. सगळं पाणी खाली आलं. पेशी तळाला चिकटून राहिल्या, एकही सुटली नाही.