चिमणीतला घास

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण आमच्या नितेशला थापा मारता येत नाहीत.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या होऊन नऊ दिवस झाले होते. रोह्याला लागून असलेलं वरसे, नवी बिल्डिंग, तिसरा मजला. ऐन दुपार.

नितेश किचनच्या चिमण्या दुरुस्त करतो. कामाला पक्का, तोंडाने फटकळ.

रोहिणीताईंनी दार उघडलं आणि भपकारा आला. आंबूस, कुजकट...

"जाळी धुता का नाय कधी?"

"धुते की! तरी वास जात नाय. पोरगी नऊ दिवस अन्नाला शिवली नाय."

पाच वर्षांची मृणाली हॉलमध्ये टीव्ही बघत होती.

नितेशने नेहमीचं पुराण लावलं. जाळीत तेल साचतं, पाइपला फुकटची वळणं देतात, बाहेरून कबुतरं घरटं करतात. चिमणी मरते ती माणसाच्या आळसाने!

जाळी काढताच काळा चिकट ओघळ त्याच्या कोपरापर्यंत आला. शी!

पंख्याला केस गुंडाळले होते. पांढरे, हातभर लांब...

रोहिणीताईंचे केस काळेभोर, खांद्यापर्यंत.

त्याने पाइप सोडवला. आतून एक गोळा घसरला आणि पचकन ओट्यावर पडला.

भात, वडा, खीर. हिरवी बुरशी, वर तेलाचा राप, आत अळ्यांची वळवळ. आणि एका बाजूने...

चावलेला. खुणा माणसाच्या दातांच्या.

नितेश बेसिनमध्ये भडाभडा ओकला.

रोहिणीताईंनी गोळ्यावर फडकं टाकलं. "सासूबाईंचा घास तो. बायजाबाईंचा. अमावास्येला खिडकीत ठेवला, पण कावळा शिवेना. मालक बोलले असते, तूच आईला छळलंस. म्हणून पाइपात कोंबला."

"कमाल हाय तुमची! काही वचन द्यायचं, इच्छा पुरी करतो म्हणायचं. मग शिवतो ना कावळा."

"तेच नको होतं. नातीला हाताने भरवायचं होतं त्यांना. मिश्रीचे घाणेरडे हात... त्या जाईपर्यंत मी भरवू दिलं नाय."

तेवढ्यात मृणाली दारात आली. गाल फुगलेले. काहीतरी चघळत होती.

रोहिणीताईंनी तिचं तोंड उघडलं.

काळा, तेलकट भात...

"आजीने भरवला," पोरगी म्हणाली. "रोज भरवते."

नितेश हत्यारं तिथेच टाकून पळाला. आजही ताटात भात वाढला की तो उठून जातो.

मृणाली धडधाकट आहे म्हणे. घरचं अजून काही खात नाही.

वजन मात्र वाढतंय.