सदस्या अजून बोलतायत

पनवेलच्या सभागृहात नव्या नगरसेवकांचं प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं. केतननं आपली खुर्ची शोधली, शेजारची 'कु. किशोरी' ही पाटी वाचली आणि तिच्यामागं बसलेल्या गृहस्थांना हात जोडले.

"नमस्कार, किशोरीताई. मिशी शोभते हो तुम्हाला!"

मागून खुदकन हसू आलं.

"खुर्ची माझी, मिशी दादाची," हसणारी म्हणाली. "आणि मला ताई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"तुमी समोरच्या पक्षाचे... काय बी म्हणाल!"

ओवे गावच्या किशोरीला निवडून आणलं ते थोरल्या भावानं, कल्पेशनं. प्रचारात तोच बोलला, सत्कारातही तोच. एकट्यादुकट्यासमोर कुणाला हार न जाणारी किशोरी चार माणसांत मुकी होई. अधिकाऱ्यांनी नातलगांना बाहेर काढलं, तशी ती धास्तावली. सभेत तोंड उघडलं नाही, तर पाच वर्षं दादाच नगरसेवक!

मग नियमांची व्याख्यानं चालली. तिची नजर पुस्तिकेत, केतनची किशोरीवर... पकडला गेला की विचारी, "पान कितवं?"

शेवटच्या दिवशी सरावाची सभा भरली. किशोरी उठली, पण शब्दच फुटेना.

"भावाला बोलवा!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

केतन ताडकन उभा राहिला. "हरकतीचा मुद्दा! सदस्या अजून बोलतायत."

एवढंच. तिच्या वतीनं तो अवाक्षर बोलला नाही. सभा गप्प होईपर्यंत नुसता उभा राहिला.

त्या शांततेत किशोरीचा आवाज उमटला. "आमच्या आया रस्त्याला भाजी घेऊन बसतात. जवळ संडास-मोरी नाय, म्हणून दिवसभर पानी पीत नाय..."

ती बोलतच गेली. बाकं वाजली, समोरच्या पक्षाचीसुद्धा.

चहाला ती त्याच्यापाशी आली. "लय उपकार झाले तुमचे."

"मी काय केलं? गप्प तर उभा होतो."

"तेच. माझ्यासाठी सगले बोलतात... गप कोनीच राहिलं नव्हतं."

तिचे डोळे भरून आले होते. केतनच्या हातातलं बिस्किट चहावर तसंच थांबलं. "किशोरी, मला एक—"

"परत तूच रं? काय पायजे?" बहिणीला न्यायला आलेला कल्पेश दारातूनच गरजला.

केतननं तोंड उघडलं, तिच्याकडं पाहिलं... आणि मिटलं.

किशोरीनं ओढणी सावरली. "दादा, यो केतन. मला आवडतो."

"पक्ष?"

"समोरचा."

कल्पेश मटकन खुर्चीत बसला. "आईला कोन सांगल?"

"मीच सांगन."

तो बहिणीकडं बघतच राहिला. पहिल्यांदाच बघावं तसा. मग केतनकडं वळला.

"दुसरा चहा घे रं. त्यात बिस्कूट बुडालंय."