सोमवारची शून्यं

"चार वाजता समिती बसणार. माझी पीएचडी आज रद्द होईल, मॅडम," मेघाली म्हणाली. शेजारी तिचे वडील दामाजी टोपी हातात घेऊन बसले होते. कळव्याच्या खाडीत त्यांची होडी होती.

डोंबिवलीच्या त्या छोट्या ऑफिसात खाजगी गुप्तहेर रचना टिपणीसने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. तिचा सहकारी पंढरी चहा ओतत होता. दोन कप झाल्याशिवाय त्याचं डोकं चालत नसे.

प्रकरण असं होतं. कळव्याच्या धक्क्यावर रोज किती मासळी उतरली, याचे आकडे एक संस्था वेबसाइटवर सर्वांसाठी खुले ठेवत असे. त्यांवरूनच मेघालीने प्रबंधात दाखवलं, की खाडीत भराव पडल्यापासून मासळी निम्म्यावर आली. आणि आता वेबसाइटवरचे आकडेच बदलले होते; त्यांत घट दिसतच नव्हती. जुनी प्रत म्हणून ती दाखवते ती फाइल तिनेच रचली, असा आरोप होता.

रचनाने दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडल्या. वेबसाइटवर दर सोमवारी, गुरुवारी, शनिवारी शून्य. मेघालीच्या प्रतीत शून्यं विखुरलेली, कुठल्याही वारी.

"वेबसाइटवरचीच नीटनेटकी वाटते," पंढरी म्हणाला.

"तेच मला खुपतंय."

वेबसाइटचा पासवर्ड दोघांकडेच होता.

पहिला मितेश, संस्थेसाठी नोंदी करणारा. तो चिडलाच. "दोन वर्षं रोज धक्क्यावर टोपल्या मोजतोय मी! फक्त अष्टमीला जरा आराम. पाणीच मंद असतं ना, होड्या कोण काढणार? माझेच आकडे मी कशाला बिघडवू?"

दुसरा राकेश, संस्थेचा ठाण्यातला सल्लागार. भरावाने मासळीला धोका नाही, हा अहवाल त्याचाच.

"वेबसाइटला मी हातही लावलेला नाही," तो म्हणाला. "पण कॉमन सेन्स आहे ना, मॅडम. ती मुलगी सोमवारी पण मासळी दाखवते. सोमवारी मासे खातं कोण?"

पंढरीने मान डोलावली. त्याच्या घरी सोमवारी अंडंसुद्धा चालत नसे.

चार वाजता समितीपुढे सगळे जमले. रचनाने दोन वर्षांची कॅलेंडरं टेबलावर ठेवली.

"राकेशसाहेब, सोमवारी आपण मासे खात नाही, हे माशांना कुणी सांगितलेलं नाही. कोळी वार बघून होडी काढत नाही, पाणी बघून काढतो. मेघालीच्या प्रतीतली शून्यं तिथीशी ताडून पाहा, सगळी अष्टमीच्या आगेमागे सापडतील. वेबसाइटवर मात्र ऐन अष्टमीला टोपल्या भरलेल्या आणि सोमवारी रिकाम्या. धक्क्यावर कधी न गेलेल्या माणसाने हे आकडे रचलेत. मितेशने ही चूक करणं शक्य नाही. मग पासवर्डवाला उरला कोण?"

राकेशचा चेहरा उतरला. "तिचा प्रबंध मंजूर झाला असता, तर माझा अहवाल खोटा पडला असता," तो पुटपुटला.

समितीने आरोप मागे घेतला. मेघालीला रडू आवरेना.

"मंजे आकडं खरं," दामाजी म्हणाले. "खाडीत म्हावरं निम्मंच ऱ्हायलंय."

"हो, बाबा."

"मना वाटलेलं, माझंच हात थकलं," दामाजी म्हणाले, आणि लेकीसमोर पहिल्यांदाच रडले.