डब्यावर धरलेली छत्री

छत्री एकच होती आणि ती त्यानं डब्यावर धरली होती.

स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असला काहीतरी घाणेरडा काला सकाळपासून पडत होता. या किनाऱ्यावरचा हिवाळा असाच. सूर्य महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही आणि माणसंही मग एकमेकांना फारसं दाखवत नाहीत. चिसातो तोगाशी प्रयोगशाळेच्या दारातला चिखल झाडूनं ढकलत होती. हा माणूस पायरीवरून घसरला तो थेट तिच्या झाडूवर. पडतानासुद्धा दोन्ही हात डब्याला.

"लागलं का हो?"

"नाही... डब्याला लागलं का?"

"डब्याला काय लागायचंय! पत्र्याचा आहे."

"मग ठीक," असं म्हणून तो उठला आणि खोकायला लागला. खोकून झाल्यावर वाकून म्हणाला, "मी साएगुसा. खताच्या कंपनीतून. उद्याची वेळ दिली होती, पण आजच आलो."

"लोक इथं उशिरा येतात. लवकर येणारा पहिलाच पाहिला."

"निकाल लवकर लागला तर लवकर कळेल ना... इथं राहायचं की जायचं ते."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. भुवईवरून पाणी ओघळत होतं, आणि हा माणूस बाहीनं डबा पुसत होता.

डब्यात होतं कॅल्शियम नायट्रेट. डोंगरापलीकडे काचघरांत स्ट्रॉबेरी लावणारे शेतकरी ते पाण्यातून पिकाला देतात. आजवर त्याची कंपनी ओलसर दाणा विकायची. तो पोत्यातच दगड होऊन बसायचा आणि शेतकरी शिव्या घालायचे. म्हणून कंपनीनं पाणी काढून टाकून कोरडा दाणा काढला. पण त्या क्षारातलं पाणी हाच त्याचा लगाम. तो सुटला की जनावर किती उधळतं, ते कुणीतरी पाहायला हवं. ते पाहणं हेच चिसातोचं काम.

बंदराजवळ कंपनीचं जुनं कोठार होतं, साएगुसा त्याचा रखवालदार-व्यवस्थापक. कोठाराच्या भिंतीला भिंत लावून पाळणाघर. दाणा बिनधोक ठरला तर कोठार आहे तिथं राहणार, साएगुसाही राहणार. धोक्याचा ठरला तर कायदा तिथं एक पोतं ठेवू देणार नाही. नवं कोठार बांधायला राजधानीतल्या साहेबांची छाती नाही. इथला कारभार बंद आणि साएगुसाची रवानगी दक्षिणेच्या बेटावर. साहेबांचं म्हणणं, खत आहे, खताला कसली आलीय आग! असं म्हणणाऱ्यांची स्वतःची पोरं असल्या भिंतीला टेकून झोपत नाहीत, एवढंच मी सांगतो.

माल आधी कोरड्या बरणीत ठेवायचा असतो. जाड काचेची बरणी, तळाशी ओल शोषणारे निळे दाणे, वर घट्ट झाकण. तोवर चिसातो देवदाराचा भुसा चाळत होती, वाळवत होती, ज्यांच्याशी तुलना करायची ते मानक ढीग पेटवून किती वेळात जळतात ते पाहत होती. कंपनीचा माणूस साक्षीला लागतो म्हणून साएगुसा रोज यायचा. निदान तो तसं म्हणायचा.

"हे स्वतः जळतं का?" तिनं एकदा मुद्दाम विचारलं.

"नाही. शेजाऱ्याला जळायला श्वास पुरवतं."

"अगदी बरोबर."

"ठाऊक असणारच. आमचे मोठे साहेब तसेच आहेत."

ती इतक्या मोठ्यानं हसली की पलीकडून विभागप्रमुख उराबे खेकसले, "तोगाशी! हसलं की भुसा उडतो!" निवृत्तीला आलेला म्हातारा. तिनं नरसाळ्यानं ढीग रचला की मान वाकडी करून बघायचा आणि विचारायचा, "ढीग रचतेस की भाताचा गोळा वळतेस?"

साएगुसा जाताना पाळणाघराच्या गोष्टी सांगायचा. पोरांचे चेंडू कोठाराच्या अंगणात येतात, तो परत फेकतो, पोरं पुन्हा मुद्दाम टाकतात. "माझी खरी नोकरी तीच आहे," म्हणायचा. आणि मग खोकायचा.

तो खोकलाच नडला.

परीक्षेच्या दिवशी उराबे अग्निशमन दलाच्या कचेरीत गेले होते. चिसातोनं दाणा बरणीतून काढला, बशीत तोलला, बशी टेबलावर ठेवली, आणि बाहेरच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. या गावात हिवाळ्यात स्टोव्ह पेटला की त्यावर किटली चढते. हवा ओलसर राहावी, घसा सुकू नये म्हणून. हाताला सांगावं लागत नाही. तिनं हातमोजे काढले, बाहेर येऊन किटली चढवली. नियम असा की किटली उकळत असताना मधलं दार बंद. पण किटली चढवून ती आत परतणार होती, आणि दार बंद केलं असतं तर तिथून तो दिसला नसता.

म्हणून दार उघडंच राहिलं.

त्यानं आंबट आलुबुखार घातलेला भाताचा गोळा अर्धा करून तिच्या हातावर ठेवला.

"तुमच्या केसांना देवदाराचा वास येतो," तो हळूच म्हणाला.

"भुसा आहे तो."

"भुसा तर उराबे-सानही चाळतात. त्यांना नाही येत."

"म्हणजे त्यांचाही वास घेतलात?"

"साक्षीदार आहे मी... सगळं तपासावं लागतं."

ती खाली मान घालून भात खात राहिली. किटली फुसफुसत होती. काचा पांढऱ्या झाल्या. बाहेरचं करडं, घाणेरडं आभाळ दिसेनासं झालं आणि थोडा वेळ — थोडाच वेळ — त्या गावात हिवाळा नव्हता.

मग तिनं दाणा आणि भुसा कालवला, ढीग रचला, तापून लालभडक झालेलं तारेचं कडं त्याच्या पायथ्याला टेकवलं. धूर आला. आग मात्र उंबरठ्यावर बसलेल्या संकोची पाहुण्यासारखी कडेलाच बसून राहिली. मानक ढीग केव्हाच संपले असते, हा अजून धुमसतच होता. दुसरा ढीग तसाच. तिसराही.

"बिनधोक," ती म्हणाली.

"म्हणजे... राहतोय मी?"

"राहा की. मी कुठं हाकललंय?"

त्यानं तिचा हात धरला. हातमोज्यासकट. तिला वाटलं, हातमोजा काढायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला माल टाकायला म्हणून तिनं बशी उपडी केली. काहीच पडलं नाही.

कोरडा दाणा पडतो, साखरेसारखा घरंगळतो. हा बशीला गच्च धरून बसला होता. तिनं चमच्यानं टोकरलं. गोळा निघाला, ओलसर. तिची नजर मधल्या दाराकडे गेली, तिथून स्टोव्हकडे, तिथून किटलीकडे.

प्रेम आंधळं असतं म्हणणारे गाढव आहेत. प्रेमाला सगळं दिसतं. ते फक्त दार लावत नाही.

बशी घेऊन ती मोरीशी गेली. नळ सोडला. बशी पाण्याखाली धरली की झालं. हा क्षार असा विरघळतो की पुरावा सोडा, डागही उरत नाही. निकालावर उराबेंचा शिक्का दुपारी बसला असता. तो राहिला असता. रोज येत राहिला असता, खोकत, अर्धा भाताचा गोळा घेऊन... पाणी वाहत राहिलं. बशी हातातच होती. भिंतीला भिंत लावून झोपलेली पोरं तिनं कधी पाहिली नव्हती. त्यांचे चेंडू मात्र त्याच्या बोलण्यातून रोज तिच्या अंगणात पडत होते.

तिनं नळ बंद केला आणि बशी उराबेंच्या पुढ्यात ठेवली.

म्हाताऱ्यानं बशी उपडी केली, सुलटी केली. "दार उघडं होतं?"

"होतं."

"का?"

"साएगुसा-सानना... खोकला झाला होता."

उराबेंनी बशी बाजूला सरकवली. "खोकल्याचं औषध दुकानात मिळतं, पोरी." मग शिक्का खणात टाकत म्हणाले, "पुन्हा कर. आणि त्यालाही बोलाव. डोळ्यांनी बघू दे."

नव्यानं वाळवलेला माल घेऊन ती उभी राहिली तेव्हा साएगुसा आला. छत्री दाराशी ठेवली, इकडेतिकडे पाहिलं.

"आज किटली नाही?"

"नाही."

तिनं मधलं दार लावलं, ढीग रचला, कडं टेकवलं.

फस्स... एवढाच आवाज. नारिंगी ज्वाळ उभी राहिली, देवदाराचा वास खोलीभर पसरला, आणि ढीग नाहीसा झाला. मानक ढीग एवढ्यात अर्धाही जळाला नसता.

"पुन्हा कर," साएगुसा म्हणाला.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मागचा निकाल खोटा कशावरून? आजचा खोटा असेल."

"बशी ओली झाली होती. वाफेनं. चूक माझी होती."

"चूक!" तो हसला, वाईट हसला. "मी नको होतो तुला, एवढं सरळ सांगायचं होतंस. त्यासाठी दोन ढीग कशाला जाळलेस?"

तो निघून गेला तो छत्री विसरून. चिसातो राख झाडत बसली. रडली नाही. राखेवर पाणी पडलं की मोजमाप बिघडतं, ही सवयच लागलेली.

छत्री दाराशीच राहिली. येता-जाता चिसातो तिच्याकडे पाहायची, आणि एकदा पाहता पाहता जागीच थबकली. डोक्यावरची छत्री डब्यावर धरणारा माणूस. पडतानाही डबा न सोडणारा. तो त्या दिवशी स्टोव्हपाशी तिच्या समोर बसला होता, दाराकडे तोंड करून... आणि दारातून बशी दिसत होती.

यापेक्षा ती आग परवडली असती.

साहेबांनी कोठार बंद करायला मात्र वेळ लावला नाही. सुरक्षेवर खर्च करायचा म्हटलं की वर्षं लागतात. माणूस उचलून फेकायला आठवडाही पुरतो. शेवटची पोती भरून ट्रक निघाला तो वाटेत प्रयोगशाळेसमोर थांबला. साएगुसा उतरला. आजही तोच काला पडत होता. आत येऊन त्यानं टेबलावर एक चेंडू ठेवला. लाल, रबरी, धुळीनं माखलेला.

"पोत्यांच्या मागं सापडला," तो म्हणाला. "अंगणातून आला नव्हता. भिंतीला खाली फट आहे. पलीकडून सरळ आत आला."

तिनं चेंडू हातात घेतला.

"इतकी वर्षं ती फट मला दिसली नाही, चिसातो." पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली. "पण तुझी बशी दिसली होती. दार उघडं होतं, किटली उकळत होती... मी पाहिलं आणि भात खात बसलो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुझी छत्री इथं राहिली तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते."

खोकल्याची उबळ आली, ती त्यानं दाबली. "तुझ्यासाठी गप्प बसलो असं म्हणणार होतो. ट्रकात बसून पाठही केलं होतं."

"म्हण की मग."

"खोटं आहे ते. माझ्यासाठी बसलो. मला इथं राहायचं होतं... तुझ्याजवळ. आणि तुला साधं विचारलंही नव्हतं."

बाहेर ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आता विचार," ती म्हणाली.

"तिकडं येशील?"

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. चाळण, भुशाची बरणी, कडं. उराबे वसंतात निवृत्त होणार. मग या बंदरात येणारा प्रत्येक डबा तिच्या हातून जाणार, आणि प्रत्येक डब्यामागं कुणीतरी साहेब, 'कसली आलीय आग' म्हणणारा.

"नाही येता येणार रे... तू येशील परत?"

"इथं आता मला कोण काम देतंय?"

"काम नाही विचारलं मी."

खिडकीवर बर्फाचे ओले गोळे आपटून घसरत राहिले. चिसातो उठली. तिनं मधलं दार लावलं, कडी घातली, कडी ओढून पाहिली. मग किटली स्टोव्हवर चढवली.

"बस. घसा शेक."

ते दोघे स्टोव्हपाशी बसले. आज हातमोजा नव्हता. त्याचा हात थंडगार होता, बोटांना पोत्याच्या सुतळीचे वळ. ती ते वळ अंगठ्यानं चाचपत राहिली, जणू तेवढ्यानं पुसले जातील.

"तिकडच्या हवेत पाणी फार," तो म्हणाला. "उघडं ठेवलं की सगळं चिकटतं म्हणतात."

"मग झाकून ठेव."

"काय?"

"हेच," ती म्हणाली. "मी आवडले होते तुला, ते. मलाही तू... ते पण."

भोंगा पुन्हा वाजला, या वेळी शिवी दिल्यासारखा.

तो उठला. दारापर्यंत गेला आणि नेहमीप्रमाणे डोकं खाली घालून त्या काल्यात शिरणार, तेवढ्यात तिनं दाराशी ठेवलेली छत्री उघडली. छत्री एकच होती. आज डबा नव्हता. ती तिनं त्याच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत भिजत ट्रकपर्यंत गेली. वर चढल्यावर त्यानं ती परत तिच्या हातात दिली. खूप वाद घातला तिनं, पण त्यानं घेतली नाही.

"पाळणाघरात चेंडू देऊन ये," एवढंच तो म्हणाला.

ट्रक गेला. ती परत आली तेव्हा किटली जवळजवळ आटली होती. तिनं ती पुन्हा भरली, चेंडू पुसून कोरडा केला, आणि मधलं दार नीट लागलंय ना, ते हात लावून पाहिलं.