बाहेरची कडी

बाप्तिस्त मास्तरांना तुरुंगातले बिल्ले जमवायचा नाद होता. कैद्याच्या हातात रोख पैसा द्यायचा नाही, म्हणून काही तुरुंगांत पूर्वी पितळेचे नाहीतर पत्र्याचे बिल्ले चालत. त्यांवर आत विडी मिळे, साबण मिळे. दाराबाहेर त्यांना कवडीची किंमत नसे. बायको मारियान गेली, मुलगी एलिना कुवेतला स्थायिक झाली, तेव्हापासून सावंतवाडीच्या त्या घरात मास्तरांना सोबत होती ती या बिल्ल्यांचीच.

तोंडवलीच्या एका म्हातारीकडे असा बिल्ला आहे असं कळलं, तेव्हा ते सकाळच्या एसटीने निघाले. सुभद्राबाईंचं घर सुरूच्या बनाला टेकून होतं. घरात त्या एकट्याच. बाहेर समुद्राची गाज, आत सुक्या मासळीचा वास. मास्तरांनी खिशात हात घालताच त्यांनी मान हलवली.

"पैसे नको. माज्या भावाचो तो, सत्यवानाचो. फक्त घेवन जावा."

"भावाची आठवण ती. मगे माका कित्याक देतास?"

सुभद्राबाईंनी माजघरापलीकडच्या खोलीकडे पाहिलं. सत्यवान जन्मठेप भोगून परतला तो अगदी शांत होऊन. खोड एकच. तिन्हीसांज झाली की खोलीत जाऊन बसायचा आणि बाहेरून कडी लावायला सांगायचा. त्याशिवाय त्याला झोप येत नसे.

"तो गेलो, तरी मी लावतंय," त्या हळूच म्हणाल्या. "नाय लावली तर... आतसून दार वाजवता. आता माजे हात थरथरतत, मास्तरांनू. जमना नाय..."

मास्तरांना भीती नाही वाटली, कीव आली. एकटेपणा माणसाला काय काय ऐकवतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

घरी येऊन त्यांनी बिल्ला एलिनाच्या खोलीत, कपाटात ठेवला. चर्चची संध्याकाळची घंटा वाजून थांबली आणि त्या शांततेत खोलीचं दार वाजलं. टक... टक. हलकेच, अजिजीने. मास्तर जाऊन उभे राहिले. विडीचा आणि ओल धरलेल्या भिंतीचा वास आला. दार ढकललं, तर आत कुणी नाही. ओढून घेतलं, तर पुन्हा टक... टक.

त्यांनी कडी लावली. आत कुणीतरी अंग टाकल्यासारखा लांब सुस्कारा ऐकू आला.

मग ते रोजचंच झालं. आणि खरं सांगायचं, तर मास्तरांना त्याची ओढ लागली. दिवेलागणीला कुणीतरी आपली वाट पाहतंय, हे कित्येक वर्षांत घडलं नव्हतं.

पण एका संध्याकाळी त्यांचा हात कडीवर थबकला. "सत्यवाना," ते म्हणाले, "सुटलंस रे तू. आता कडी नाय."

दार वाजत राहिलं. वाजणं हळूहळू विनवणीसारखं झालं, रडण्यासारखं झालं. मास्तरांना ऐकवेना. ते आत गेले, एलिनाच्या पलंगावर बसले. "बरा. मी बसतंय तुज्या सोबतीक."

दार आपसूक मिटलं. बाहेरून कडी सरकली.

मास्तर ओरडले, दारावर मुठी आपटल्या. बाहेर पावलं वाजली, निवांत, घाई नसल्यासारखी. पुढचं दार करकरलं आणि पावलं रस्त्याला लागली.

सकाळी दूध घेऊन येणाऱ्या शेजारच्या राधाबाईंनी कडी काढली. "कोणी केल्यान ह्या?" त्या घाबरून विचारू लागल्या. मास्तर नुकते जागे होऊन डोळे चोळत होते. मारियान गेल्यापासून प्रथमच त्यांना गाढ झोप लागली होती.

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला ते आपणहून त्या खोलीत जाऊन बसू लागले.

"राधाबाय, कडी लाव गो."

"मास्तरांनू, खुळावलात की काय?"

"लाव. नायतर माका झोप येणा नाय."

राधाबाईंनी पुष्कळ समजावलं, एलिनाला फोन केला, शेवटी हरल्या. रोज संध्याकाळी लावायच्या, सकाळी काढायच्या.

एकदा कसालला लेक बाळंत झाली म्हणून त्या भर दुपारी धावतपळत निघाल्या. मास्तरांना सांगायचं राहूनच गेलं. रात्रभर जिवाला घोर. पहाटेच्या गाडीने परतल्या त्या थेट मास्तरांच्या घरी.

कडी लावलेली होती.

त्यांनी ती काढली. मास्तर पलंगावर बसून शांतपणे केस विंचरत होते. "काल उशीर केलंस गो," ते हसून म्हणाले. "पण इलंस, बरा झाला."

राधाबाईंनी कडीवरचा हात मागे घेतला. पहाटेच्या त्या गारठ्यात कडीचं लोखंड कोमट लागलं होतं... कुणीतरी आत्ताच मूठ सोडल्यासारखं.